प्रयोगशाळेला अक्षयनीवी हवी

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे ‘महाराष्ट्रातील बौद्ध लेणी’ हा विषय सोपविला होता. इतिहासाच्या शिक्षिकेला तो सोयीचाही होता. परंतु लेखाच्या निमित्ताने विद्यालयाच्या कार्यालयात गेले असता, एका कंपनीकडून येथे अद्ययावत विज्ञान प्रयोगशाळा उभारून देण्याचा प्रस्ताव आला असून संचालक मंडळ त्यावर विचार करीत आहे, असे समजले. तेथेच बसलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांमध्ये त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. एकाचे म्हणणे असे की, आपण परीक्षानळीचे चित्र काढूनच दहावी पास झालो. आता मुलांना खरी परीक्षानळी मिळते आहे तर मुकाट्याने घ्यावी. दुसऱ्याचे म्हणणे, बाबासाहेबांच्या विचारांवर उभ्या असलेल्या संस्थेने भांडवलदारांचे मिंधे होऊ नये. मला दोघांचीही कळकळ पटली आणि दोघांचेही म्हणणे अपुरे वाटले. म्हणून संपादकांची क्षमा मागून विषय बदलते आहे. लेण्यांकडे यावे लागेलच, पण ते मागाहून.

मी ज्या ग्रामीण माध्यमिक शाळेत शिकवते तिला अशी प्रयोगशाळा काही वर्षांपूर्वी मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी आठवी-नववीच्या वीस मुलामुलींना पांढरे एप्रन घालून सूक्ष्मदर्शकांभोवती उभे केले होते. छायाचित्रे झाली, पाहुण्यांची जेवणे झाली आणि सायंकाळी ते एप्रन मोजून गाडीत परत ठेवण्यात आले, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यात तसाच कार्यक्रम होता. भिंतीवर संगमरवरी फलक बसला. त्यावरची अक्षरे प्रवेशद्वारावरील शाळेच्या नावापेक्षा ठसठशीत होती. साहित्य मात्र खरोखर चांगले होते, हे कबूल केले पाहिजे. सहा सूक्ष्मदर्शक, हृदयाची व डोळ्याची उघडता येणारी प्रतिकृती, प्रकाशाच्या प्रयोगांची पेटी, पाणी तपासण्याचा संच आणि भिंतीवर मोठा डिजिटल फलक. पहिल्या वर्षी कंपनीने नेमलेल्या संस्थेचा एक उत्साही तरुण दर बुधवारी येत असे. त्याच्या तासाला मुले दारात उभी राहून वाट पाहत. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी प्रथम दिसल्या तेव्हा एक मुलगी “बाई, ही तर विटांची भिंत!” म्हणून ओरडली. तो आवाज शेजारच्या वर्गात शिवकाल शिकवताना मी ऐकला होता.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पाची मुदत संपली आणि तो तरुण येईनासा झाला. शाळेचे विज्ञान शिक्षक निवृत्त झाले. त्यांची जागा दोन वर्षे रिक्त राहिली आणि गणिताच्या सरांनीच विज्ञानाचे पुस्तक हाती घेतले. स्पिरिट संपले. मॅग्नेशियमची फीत संपली. काचपट्टीवर ठेवण्याच्या पातळ काचा फुटून गेल्या. डिजिटल फलकाच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली. बॅटरी सोडली तर यांतली कोणतीच वस्तू फार महाग नाही. परंतु ती कोणत्या शीर्षाखाली आणावी याचे उत्तर मुख्याध्यापकांजवळ नव्हते. वेतनेतर अनुदान येते तेव्हा आधी विजेचे बिल भागवावे लागते. शिवाय सर्व साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले. एखादी वस्तू मुलांच्या हातून फुटली तर खुलासा कोणी द्यायचा? या भीतीने प्रयोगशाळेची किल्ली लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये गेली ती तेथेच राहिली. आता रिक्त जागा भरली आहे, नव्या बाई हौशी आहेत, तरी ती सवय मोडलेली नाही. तपासणीला अधिकारी आले की कुलूप निघते, प्रतिकृतींवरची धूळ झटकली जाते आणि सुसज्ज प्रयोगशाळा उपलब्ध असल्याची नोंद होते. प्रयोगशाळा नव्हती तेव्हा निदान ती मागता येत होती. आता मागणीच संपली, कारण कागदोपत्री ती मिळालेली आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते. त्या पहिल्या वर्षी नववीच्या तीन मुलींनी पाणी तपासण्याचा संच घेऊन पाच ठिकाणचे पाणी तपासले. शाळेची विंधन विहीर, ग्रामपंचायतीचा नळ, बौद्धवाड्यातील हातपंप, नदीचा डोह आणि औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाने वाहणारा ओढा. ओढ्याचे आकडे इतर चार ठिकाणांपेक्षा फार वेगळे आले. मुलींनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याचा सुबक तक्ता केला आणि खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिला: असे का? त्याच औद्योगिक वसाहतीत आमच्या देणगीदार कंपनीचा कारखाना होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कंपनीचे एक अधिकारी तयारी पाहण्यास आले. अत्यंत सौजन्याने म्हणाले, “मॅडम, बाकी सगळं छान आहे. एवढा तक्ता नको लावायला. उगाच गैरसमज होतील.”

न्यायाने बोलायचे तर शालेय संचाचे आकडे हा काही पुरावा नव्हे. त्या ओढ्यात गावाचे सांडपाणीही येते आणि शेतातली खतेही उतरतात. दोष कारखान्याचाच आहे असे मुलींनी म्हटलेही नव्हते. परंतु आकडे कच्चे असतील तर पाणी पुन्हा तपासावे, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासावे, शासकीय प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. विज्ञानाचा मार्ग हा आहे. आम्ही तक्ता गुंडाळला. प्रदर्शनाची शाळेकडील जबाबदारी माझ्याकडे होती. मी मुलींना सांगितले की जागा कमी पडते आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. प्रश्न विचारू नये, हे त्या दिवशी त्या माझ्याकडून शिकल्या. कोणी आम्हाला धमकी दिली नव्हती, की निधी थांबविण्याची भाषा केली नव्हती. देणाऱ्याचे मन दुखावू नये एवढी भीड पुरेशी होती.

कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण या विद्यालयात वंदनेनंतर मुलांना समजावून सांगतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपले गुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. ‘देणगीदाराला रुचत नाही म्हणून’ असे आणखी एक कलम त्यात घालावे, असे मला त्या तक्त्यानंतर कित्येकदा वाटले आहे. संविधानाच्या ५१अ या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य सूक्ष्मदर्शकांच्या संख्येत मोजता येत नाही.

मग ही भीड आली कोठून? आपण या पैशाला ‘दान’ समजतो, तेथून. वस्तुतः ते दान नाहीच. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ अन्वये ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वाच्या कामांवर खर्च केलीच पाहिजे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. शिक्षण हे त्या कामांच्या यादीत आहे. प्रारंभी, खर्च का केला नाही याचे कारण अहवालात दिले की कंपन्यांची सुटका होत असे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरावीक मुदतीत वेगळी काढावी अथवा शासनमान्य निधीत भरावी लागते आणि कसूर झाल्यास दंड होतो. म्हणजे आपल्या दारात जो धनादेश येतो तो कोणाच्या औदार्याचा नसून संसदेने केलेल्या कायद्याचा आहे. महसूल भरणाऱ्या शेतकऱ्याला आपण दाता म्हणत नाही, मग यांनाच का म्हणावे?

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या कष्टांतून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि प्राथमिक शिक्षणासाठी हक्काचा वाटा मागितला. सहा दशकांनंतर, १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाल्यावर बाबासाहेबांनी त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यातील शिक्षणावरचा भाग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. कला शाखेचे आणि कायद्याचे शिक्षण आपल्या मुलांना फार पुढे नेणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे; ते खर्चिक असल्याने आपल्या समाजाच्या आवाक्याबाहेर आहे; म्हणून त्याचा भार केंद्र सरकारच्या तिजोरीने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली, तिच्यामागे हा रेटा होता. माझ्या पिढीतले कितीतरी लोक त्या शिष्यवृत्तीवर शिकले. मीही त्यांतलीच एक. ती घेताना कोणाच्या फलकाखाली उभे राहावे लागले नाही.

आता ‘मिंधे होऊ नये’ म्हणणाऱ्या मित्राला थोडे सांगायचे आहे. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती लेखी करार करूनच. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. बाबासाहेबांनी सही केली. पैसा घेतल्याने ते मिंधे झाले नाहीत. त्याच शिष्यवृत्तीच्या काळात, १९१६ मध्ये, त्यांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध विद्यापीठात वाचला. त्यात देणाऱ्याला काय रुचेल याचा हिशेब कोठेही दिसत नाही. आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हेही याच कथेत आहे. शिष्यवृत्ती होती, सद्भावना होती, करार होता, तरी राहण्याची सोय कराराबाहेर राहिली आणि त्या एका गोष्टीने सर्व विस्कटले. आमच्या प्रयोगशाळेचेही असेच झाले. यंत्रे करारात होती. शिक्षक आणि स्पिरिट कराराबाहेर राहिले.

कंपन्यांच्या निधीचा कायदाही याला काही अंशी कारणीभूत आहे. कंपनीने आपल्या कार्यस्थळाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कलम १३५ मध्ये म्हटले आहे. वरवर हे न्याय्य वाटते. पण त्यामुळे जेथे कारखाने तेथे निधी, आणि जेथे कारखाने नाहीत त्या डोंगरी व दुष्काळी तालुक्यांच्या वाट्याला उरलेसुरले. पुन्हा, कारखान्याशेजारच्या गावानेच कारखान्याचा पैसा घ्यायचा, म्हणजे ओढ्याचा तक्ता गुंडाळण्याचा प्रसंग याच गावावर येणार. दुसरे असे की, अनेक वर्षे चालणारा प्रकल्पसुद्धा, सुरुवातीचे वर्ष वगळता, तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: २०२१ च्या सुधारित नियमांपासून संस्थेच्या कायमस्वरूपी ठेवीत दिलेली रक्कम सामाजिक दायित्वाचा खर्च म्हणून धरली जात नाही. निधी बँकेत पडून राहू नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की कंपनी आपल्याला वस्तू देऊ शकते, ती वस्तू दरवर्षी चालती ठेवणारे व्याज देऊ शकत नाही.

आता लेण्यांकडे वळते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. हा उषवदात काही संकोची दाता नव्हता. आपल्या दानांची भलीमोठी यादी त्याने दगडात कोरून ठेवली आहे. तेव्हा फलकाची हौस आजच्या कंपन्यांनी शोधून काढलेली नाही. परंतु लेणे कोरून दिल्यावर तो थांबला नाही. लेण्यात वर्षावासाला येणाऱ्या भिक्षूंना चीवर लागेल, इतर निर्वाह लागेल, आणि तो दरवर्षी लागेल, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता केवळ व्याज वापरण्याची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत. हिशेब करून पाहा: २००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. मी हा लेख वर्गात शिकवते तेव्हा मुले फळ्यावर हा गुणाकार स्वतः करतात आणि हसतात. पुढे असेही लिहिले आहे की हे सर्व निगमसभेत ऐकवून नोंदवून ठेवले.

ज्याने गुहा कोरून दिली त्याला कापडाचीही आठवण होती. आपल्या काळातल्या विज्ञानशाळांच्या देणगीदारांना खोली आठवते, स्पिरिट आठवत नाही.

या अनुभवावरून विद्यालयाच्या संचालक मंडळाला माझे सांगणे असे आहे. प्रस्ताव जरूर स्वीकारावा. आपली मुले विज्ञानापासून आणखी एक पिढी दूर ठेवण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पण करार आपण लिहावा. त्यात यंत्रांच्या बरोबरीने प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीसाठी एका विज्ञान शिक्षकाचे वेतन मागावे. कंपन्यांचे प्रतिनिधी पुष्कळदा सांगतात की वेतनाला पैसा देता येत नाही. ते खरे नाही. शिक्षण प्रकल्पातील शिक्षकाचे वेतन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, ५ टक्क्यांची मर्यादा असलेला प्रशासकीय खर्च नव्हे, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. मुलांच्या हातून फुटणारे साहित्य फुटणारच आहे असे धरून त्याची भरपाई करारातच मांडावी. आणि मुलांनी काय तपासावे, काय मांडावे, कोणते प्रदर्शन भरवावे, हा निर्णय शाळेचा राहील, असे एक वाक्य त्यात स्वच्छ शब्दांत असावे. एखादी कंपनी या वाक्याला हरकत घेईल तर ती कशासाठी आली आहे हे आपल्याला वेळीच कळेल. मुदत संपल्यावर शिक्षक द्यायचा तो शासनानेच. त्याची मागणी एक दिवसही थांबवू नये. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक असलाच पाहिजे असे म्हटले आहे. कंपनीने खोली दिली म्हणून शासनाची जबाबदारी सुटत नाही.

फलकाला माझा विरोध नाही. ‘जेतवनात, अनाथपिंडिकाच्या आरामात’ असे म्हणतच कितीतरी सुत्तांचा आरंभ होतो. दात्याचे नाव अडीच हजार वर्षे टिकले आहे. पण तथागतांनी तेथे काय सांगावे हे अनाथपिंडिकाने ठरविले नव्हते. मात्र शाळेच्या नावातच कंपनीचे नाव घालण्याची जी वाट राज्य शासनाने २०२३ मध्ये शाळा दत्तक योजनेतून सरकारी शाळांसाठी मोकळी केली, पाच किंवा दहा वर्षांपुरती, तिकडे आपल्या संस्थेने वळूही नये. नाव भाड्याने देण्याची वस्तू नव्हे.

राहता राहिली अक्षयनीवी. कंपनी ती देऊ शकत नाही, परंतु माजी विद्यार्थी देऊ शकतात. त्यांना कायद्याची आडकाठी नाही. आमच्या शाळेतल्या नव्या विज्ञान शिक्षिकेकडून मी यादी करून घेतली. आठवी ते दहावीचे सर्व प्रयोग वर्षभर घ्यायचे तर लागणारी रसायने, कागद, काचपट्ट्या, स्पिरिट आणि फुटतुटीची भर मिळून वर्षाला १६ हजार रुपयांच्या आत बसते. अडीच लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला १६,२५० रुपये होतात. पंचवीस माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा हजार दिले की झाले. जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेचा एका रात्रीचा खर्च कित्येक गावांत किती होतो हे आपण सारे जाणतो. प्रसंग मंगल आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

पालकांना एवढीच विनंती की कंपनीशी होणारा करार सहीपूर्वी पालकसभेत मोठ्याने वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. निगमसभेत वाचला गेला तसा. त्या दिवशी मला बोलावल्यास मी अवश्य येईन. ओढ्याचा तो तक्ता माझ्या कपाटात अजून गुंडाळलेला आहे. येताना तोही घेऊन येईन.